जेसनमधला बॅकस्लॅश एकदाच वाचायचा असतो

जेसन म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देण्यासाठी वापरतात ती साध्या मजकुराची मांडणी. गणिताच्या प्रश्नसंचाची एक जेसन फाइल घ्या. सूत्रं लाटेक या गणिती मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीच्या पद्धतीने लिहिलेली आहेत, म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या नावाआधी एक बॅकस्लॅश: \अल्फा, \थीटा, \बीटा, \फ्रॅक. फाइल कुणी हाताने लिहिली असेल किंवा एखाद्या भाषा-मॉडेलकडून तयार करून घेतली असेल. बॅकस्लॅश मात्र एकेकटेच राहिले आहेत. ही फाइल पार्सरला, म्हणजे ती वाचून अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली की \अल्फापाशी तो थांबतो आणि ‘असा एस्केप मला माहीत नाही’ अशी तक्रार करतो (एस्केप म्हणजे बॅकस्लॅश आणि त्यापुढचं चिन्ह मिळून होणारी खूण). \थीटापाशी तो थांबत नाही. थीटाचं इंग्रजी नाव टीने सुरू होतं, आणि जेसनमध्ये बॅकस्लॅशनंतर टी आला तर त्याचा अर्थ टॅब, म्हणून थीटाच्या जागी एक टॅब आणि ‘हीटा’ एवढं उरतं. \बीटाचा बॅकस्पेस आणि ‘ईटा’ होतो. अपूर्णांकाच्या \फ्रॅकचं फॉर्म फीड नावाचं एक न दिसणारं चिन्ह होतं आणि पुढे ‘रॅक’ राहतं. रो या ग्रीक अक्षराचंही तेच, कारण बॅकस्लॅश-आर म्हणजे कॅरेज रिटर्न.

म्हणजे एकाच चुकीचे दोन चेहरे. अल्फाची चूक ओरडते, थीटाची चूक गप्प राहते. गप्प राहणारी चूक डेटाबेसमध्ये जाते, तिथून छापील प्रश्नपत्रिकेत जाते, आणि तोवर मूळ मजकुरात काय होतं हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. जेसनच्या एस्केपचे नियम जेमतेम अर्ध्या पानाचे आहेत. तरीही त्यांच्याभोवती इतका गोंधळ का होतो, आणि स्वतःचा पार्सर लिहिताना किंवा दुसऱ्याचा वापरताना तो कसा टाळायचा, ते इथे नीट मांडतो.

लिहिण्याची एक सोय आधी सांगून ठेवतो. या लेखात \एन असं दिसेल तिथे फाइलमध्ये दोनच चिन्हं समजायची: एक बॅकस्लॅश आणि त्यापुढे छोटं इंग्रजी एन. कोडांमधले अंकही प्रत्यक्ष फाइलमध्ये इंग्रजी असतात.

जेसनमध्ये मजकूर डबल कोटमध्ये बंद करतात, आणि अशा बंद मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. मजकुरातच डबल कोट आला तर तो मजकुराचा भाग आहे की स्ट्रिंगचा शेवट, हे पार्सरला कळायला काहीतरी खूण हवी. ती खूण म्हणजे बॅकस्लॅश. ‘माझ्या पुढचं चिन्ह नेहमीच्या अर्थाने घेऊ नकोस’ एवढंच तो सांगतो. पण मग खुद्द बॅकस्लॅश मजकुरात हवा असेल तर? त्यालाही एस्केप करायचं, म्हणजे तो दोनदा लिहायचा. खुणेसाठी बॅकस्लॅशच निवडला जाईल असं काही विधिलिखित नव्हतं. सी भाषेची पूर्वज असलेल्या बी भाषेत या कामासाठी तारांकन वापरत, म्हणजे नव्या ओळीसाठी तारा आणि एन. सीने बॅकस्लॅश घेतला, सीकडून तो जावास्क्रिप्टकडे गेला, आणि डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टमधून जेसन वेगळं काढलं तेव्हा तिथे आला.

वाटेत बरंच गाळलं गेलं, आणि हे गाळलेलंच अनेकांच्या लक्षात राहत नाही. जेसनमध्ये बॅकस्लॅशनंतर फक्त नऊ चिन्हं चालतात: डबल कोट, बॅकस्लॅश, तिरकी रेघ म्हणजे साधा स्लॅश, आणि बी, एफ, एन, आर, टी, यू ही सहा छोटी अक्षरं. यू आला तर त्यानंतर नेमके चार हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ) हवेत. बस्स. जावास्क्रिप्टमध्ये चालणारा बॅकस्लॅश आणि सिंगल कोट इथे चालत नाही. बॅकस्लॅश-एक्स आणि दोन अंक चालत नाहीत. बॅकस्लॅश-शून्य चालत नाही. ‘ओळखीचा नसेल तर बॅकस्लॅश सोडून द्या आणि पुढचं अक्षर तसंच ठेवा’ ही जावास्क्रिप्टची उदारताही इथे नाही. आरएफसी ८२५९ या जेसनचे नियम सांगणाऱ्या डिसेंबर २०१७च्या दस्तऐवजात, ज्याचे संपादक टिम ब्रे आहेत, व्याकरण इतक्या स्पष्टपणे दिलं आहे की वादाला जागा राहत नाही.

लिहिणाऱ्या बाजूवर सक्ती त्याहून कमी आहे. डबल कोट, बॅकस्लॅश, आणि युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतली ० ते ३१ क्रमांकांची ३२ नियंत्रणचिन्हं (टॅब, नवी ओळ वगैरे) एवढ्यांनाच एस्केप करणं भाग आहे. बाकी सगळं जसंच्या तसं लिहिता येतं, मराठीसुद्धा. नियंत्रणचिन्हांचा नियम पुष्कळ जणांना अडवतो. खरीखुरी नवी ओळ, म्हणजे एंटर दाबून आलेली, जेसन स्ट्रिंगच्या आत चालत नाही. पायथनमध्ये ‘इन्व्हॅलिड कंट्रोल कॅरेक्टर’ असा संदेश येतो तो यासाठीच. या कारणाने पार्सरला ‘जरा ढिला’ करणारा पर्याय पायथनमध्ये आहे, पण तो लावण्याआधी ती नवी ओळ आली कुठून हे शोधावं. बहुतेक वेळा कुणीतरी तयार लायब्ररी न वापरता तुकडे जोडून जेसन बनवलेलं असतं, आणि तसं असेल तर उद्या त्याच वाटेने एखादा सुटा डबल कोटही येणार.

आता मुख्य मुद्दा. एस्केप उलगडण्याचं काम डावीकडून उजवीकडे, एकाच फेरीत करायचं असतं. सोपं वाटतं म्हणून बरेच जण ते ‘शोधा आणि बदला’च्या साखळीने करतात: आधी सगळे \एन शोधून नव्या ओळी घाला, मग सगळे \टी शोधून टॅब घाला, शेवटी दुहेरी बॅकस्लॅशचा एकेरी करा. हे का मोडतं ते एका उदाहरणावर पाहू. विंडोजवरचा एक पत्ता आहे, सी:\न्यू, आणि न्यू हे इंग्रजीत एन, ई, डब्ल्यू असं आहे. जेसनमध्ये तो सी:\\न्यू असा दोन बॅकस्लॅशनी, अगदी बरोबर लिहिलेला आहे.

साखळी चालवा. आधी \एन शोधला, तर दुसरा बॅकस्लॅश आणि त्यापुढचा एन मिळून तो सापडतो. मिळालं काय? सी:\ , मग नवी ओळ, मग ‘ईडब्ल्यू’. बरं, क्रम उलटा करू. आधी दुहेरीचा एकेरी केला, तर सी:\न्यू असा बरोबर मजकूर मिळाला खरा, पण लगेच पुढच्या पायरीत त्यातला \एन सापडतो आणि तिथे नवी ओळ घुसते. दोन्ही क्रम चुकीचे, आणि तिसरा कुठला क्रम नाही. दुहेरी बॅकस्लॅश आधी एखाद्या ‘मजकुरात कधीच न येणाऱ्या’ चिन्हाने झाकून ठेवायचा आणि शेवटी परत आणायचा, अशी युक्ती काही ठिकाणी दिसते. मजकुरात कधीच न येणारं चिन्ह असं काही नसतं. लोक काय लिहितील ते आपण ठरवत नाही.

अडचणीचं मूळ हे की दुसरा बॅकस्लॅश पहिल्याने आधीच ‘वापरून’ टाकलेला आहे, आणि साखळीतल्या कुठल्याच पायरीला हे माहीत नाही. एका फेरीत वाचणाऱ्याला ते आपोआप माहीत असतं. तो सी वाचतो, अपूर्णविराम वाचतो, बॅकस्लॅश दिसला की पुढचं चिन्ह पाहतो, तोही बॅकस्लॅश आहे म्हणून एक बॅकस्लॅश लिहितो आणि दोन्ही ओलांडून पुढे जातो. आता समोर एन आहे, साधं अक्षर. संपलं.

मराठीतच मांडायचं तर गाभा एवढा:

जोवर चिन्हं शिल्लक आहेत तोवर:
 पुढचं चिन्ह घ्या
 डबल कोट असेल: स्ट्रिंग संपली, बाहेर पडा
 नियंत्रणचिन्ह असेल: त्रुटी
 बॅकस्लॅश नसेल: तसंच लिहा, पुढे चला
 बॅकस्लॅश असेल: आणखी एक चिन्ह घ्या
  कोट, बॅकस्लॅश किंवा स्लॅश: तेच चिन्ह लिहा
  बी, एफ, एन, आर, टी: त्याचं नियंत्रणचिन्ह लिहा
  यू: चार हेक्स अंक वाचा, त्या क्रमांकाचं चिन्ह लिहा
  दुसरं काहीही: त्रुटी
कोट न मिळता चिन्हं संपली: त्रुटी

जे लिहून झालं ते पुन्हा तपासायचं नाही, ही यातली न लिहिलेली अट. ००५सी हा बॅकस्लॅशचा स्वतःचा युनिकोड क्रमांक. स्ट्रिंगमध्ये \यू००५सी आणि त्यापुढे एन आलं, तर निकाल बॅकस्लॅश आणि एन अशी दोन चिन्हं आहे, नवी ओळ नव्हे. तसंच \यू००२२ हा डबल कोट आहे, पण त्याने स्ट्रिंग संपत नाही. जावाच्या स्रोतकोडमध्ये याच्या नेमकं उलट होतं: तिथे यूवाले एस्केप सगळ्यात आधी उलगडले जातात, त्यामुळे ००२२ लिहिल्यावर स्ट्रिंग खरोखरच बंद होते. जावाकडून जेसनकडे येणाऱ्यांनी हा फरक पक्का करून घ्यावा.

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याची सूत्रभाषा, वापरायलाच हवी असेल तर ‘बॅकस्लॅश आणि त्यापुढचं एक चिन्ह’ असा एकच नमुना द्या, आणि प्रत्येक सापडलेल्या जोडीचं काय करायचं ते एका फंक्शनला ठरवू द्या. सापडलेला भाग ओलांडूनच शोध पुढे जातो, म्हणून ही एकच फेरी होते आणि उत्तर बरोबर येतं. यूचे चार अंक त्याच नमुन्यात पर्याय म्हणून जोडावे लागतात.

स्ट्रिंग कुठे संपते हे शोधतानाही हाच घोळ दुसऱ्या रूपात येतो. ‘ज्या कोटच्या आधी बॅकस्लॅश नाही तो शेवटचा कोट’ हा नियम ऐकायला पटतो. पण मजकूरच बॅकस्लॅशने संपत असेल, उदाहरणार्थ सी:\डेटा\ हा फोल्डरचा पत्ता, तर जेसनमध्ये शेवटी दोन बॅकस्लॅश आणि मग बंद करणारा कोट येतो. वरचा नियम त्या कोटला ‘एस्केप केलेला’ समजतो आणि पुढच्या किल्लीच्या, म्हणजे पुढच्या नोंदीच्या नावाच्या, पोटात शिरतो. खरा नियम सम-विषमचा आहे: कोटच्या लगेच आधी सलग किती बॅकस्लॅश आहेत ते मोजा, विषम असतील तर कोट मजकुराचा, सम असतील (शून्यही सम) तर कोट शेवटचा. एका फेरीत वाचणाऱ्याला हे वेगळं मोजावं लागत नाही. सिमडीजेसन नावाची अतिवेगवान लायब्ररी एका वेळी ६४ बाइट उचलते, तिला अक्षरामागून अक्षर जायचं नसतं. तीही प्रत्येक गठ्ठ्यात बॅकस्लॅशच्या विषम लांबीच्या माळा शोधते, फक्त बिटांच्या बेरीज-वजाबाकीने. वेग कितीही वाढवा, हा हिशेब चुकवता येत नाही.

यूकडे वळू, कारण मराठी मजकुराचा खरा संबंध तिथे येतो. पायथनच्या जेसन लायब्ररीने ‘नमस्ते’ लिहिलं की नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलमध्ये \यू०९२८\यू०९२ई\यू०९३८\यू०९४डी\यू०९२४\यू०९४७ असं दिसतं. न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा, असे सहा कोड. हे पाहून ‘फॉन्ट बिघडला’, ‘मराठी खराब झालं’ अशी धावपळ होते. काहीच बिघडलेलं नाही. कुठलाही नीट पार्सर त्यातून तंतोतंत नमस्ते काढतो. फरक जागेचा आहे: यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड चिन्हं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे नमस्तेला १८, एस्केप केल्यावर प्रत्येकी सहा, म्हणजे ३६. शिवाय फाइल उघडून डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्यासाठी हे जागेपेक्षा मोठं नुकसान आहे. पायथनमध्ये एन्शुअर-अॅस्की हा पर्याय बंद केला, किंवा पीएचपीमध्ये ५.४ आवृत्तीपासून असलेला अनएस्केप्ड-युनिकोडचा पर्याय लावला, की देवनागरी सरळ लिहिली जाते. आरएफसी ८२५९ने जाहीर देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ची सक्तीच केली आहे, त्यामुळे देवनागरी सरळ लिहायला घाबरण्याचं कारण उरलेलं नाही. मी तर म्हणेन, मराठी फाइल मराठीतच दिसू द्या.

आधीच एस्केप होऊन आलेल्या मजकुरावर मात्र जुगाड करू नका. पायथनमध्ये ‘युनिकोड-एस्केप’ नावाचा डिकोडर आहे, आणि तो लावून यू उलगडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो डिकोडर उरलेल्या बाइटांना लॅटिन-१, म्हणजे एका बाइटचं एक चिन्ह मानणारं जुनं एन्कोडिंग, समजतो. मजकुरात काही अक्षरं एस्केप केलेली आणि काही सरळ देवनागरीत असतील, तर सरळ असलेल्या प्रत्येक अक्षराच्या तीन परक्या चिन्हांत चिंध्या होतात. त्याचे नियमही पायथनचे आहेत, जेसनचे नाहीत. जेसन आहे तर जेसनचाच पार्सर लावायचा.

त्याहून वाईट म्हणजे ‘नको असलेले बॅकस्लॅश काढून टाकू’ हा उत्साह. पीएचपी नेहमीच्या सेटिंगमध्ये साध्या स्लॅशलाही एस्केप करते, त्यामुळे वेबपत्ते \/ने भरलेले दिसतात आणि लोक ते ‘स्वच्छ’ करायला जातात. तो एस्केप ऐच्छिक असला तरी त्याला कारण आहे: जेसन एचटीएमएल पानातल्या स्क्रिप्टमध्ये ठेवलं आणि मजकुरात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग आला, तर ब्राउझर तिथेच स्क्रिप्ट संपवतो, स्लॅशआधी बॅकस्लॅश असला की तो टॅग ओळखला जात नाही. गो भाषेची लायब्ररी याच धास्तीने दोन्ही कोनकंस आणि अँड-चिन्ह यूच्या रूपात लिहिते. हे सगळं पार्स केल्यावर आपोआप नाहीसं होतं. पण कुणी पार्स करण्याआधीच सरसकट बॅकस्लॅश उडवले, तर \एनचा एन होतो, मजकुरातला कोट स्ट्रिंग बंद करतो, आणि \यू०९२८चा यू०९२८ होतो. डेटाबेसात किंवा संकेतस्थळावर ‘यू०९२८यू०९२ई’ अशी माळ कधी दिसली असेल तर तिची कथा बहुधा हीच. ती अंदाजाने परत जोडता येते, खात्रीने नाही.

मराठीला खास लागणारा आणखी एक घाव आहे. \यू२००डी म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह. न दिसणाऱ्या चिन्हांना कचरा समजून काढून टाकणारे फिल्टर पुष्कळ ठिकाणी असतात. पण ‘दुसऱ्या’मधला तो आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एक तर ०९३१ हा वेगळा ऱ आणि हलन्त, किंवा नेहमीचा ०९३० र, हलन्त आणि त्यापुढे २००डी. दुसऱ्या प्रकारातला जॉइनर काढला की रफार वर चढतो आणि शब्द ‘दुसर्या’ होतो. पार्सरने एस्केप उलगडून जे चिन्ह येतं ते जसंच्या तसं पुढे द्यावं. कुठलं चिन्ह निरर्थक हे ठरवणं पार्सरचं काम नाही.

चार हेक्स अंक वाचायचे म्हणजे नेमके चार, आणि फक्त इंग्रजी ० ते ९ आणि ए ते एफ, लहान किंवा मोठे. स्वतः पार्सर लिहिणारे इथे भाषेच्या तयार अंक-रूपांतरावर विसंबतात. पायथनचं इंट हे फंक्शन फार मायाळू आहे: त्याला अंकांमधली अधोरेषा चालते, पुढची मोकळी जागा आणि अधिकचं चिन्ह चालतं, आणि चक्क देवनागरी अंकही चालतात. म्हणजे कुणी यूपुढे खरेखुरे देवनागरी ०९२८ लिहिले तर असा पार्सर ते आनंदाने ‘न’ म्हणून घेईल, आणि दुसरीकडचा काटेकोर पार्सर तीच फाइल नाकारेल. प्रत्येक अंक आधी तपासा, मग रूपांतर करा.

चार हेक्स अंकांत ६५,५३६ क्रमांक मावतात. देवनागरी त्यात बसते, बहुतेक इमोजी बसत नाहीत. हसऱ्या चेहऱ्याचा क्रमांक १एफ६०० आहे, पाच अंकी. जेसनने इथे यूटीएफ-१६ची पद्धत घेतली: क्रमांकातून हेक्स १०००० वजा करायचे, उरलेल्या २० बिटांपैकी वरचे दहा डी८००मध्ये आणि खालचे दहा डीसी००मध्ये मिळवायचे. हसऱ्या चेहऱ्याची जोडी येते \यूडी८३डी\यूडीई००. या जोडीतल्या अर्धुकांना सरोगेट म्हणतात, आणि एकट्याला काहीच अर्थ नसतो. पार्सरने डी८०० ते डीबीएफएफमधलं अर्धुक पाहिलं की लगेच पुढचा यू वाचून दोन्ही जोडायला हवीत. न जोडता प्रत्येकाचं वेगळं यूटीएफ-८ केलं तर सहा बाइटांचा असा तुकडा निघतो जो वैध यूटीएफ-८ नाहीच.

आणि जोडीदार आलाच नाही तर? मोबाइल अॅपने मजकूर १०० एककांवर कापला आणि काप नेमका इमोजीच्या मधून गेला, की असं एकटं अर्धुक जन्माला येतं. व्याकरण त्याला अडवत नाही. आरएफसी फक्त एवढं बजावते की पुढे काय होईल ते सांगता येणार नाही. पायथनचा पार्सर ते निमूट स्वीकारतो, आणि नंतर तो मजकूर फाइलमध्ये यूटीएफ-८ म्हणून लिहायला गेल्यावर त्रुटी येते, मूळ जागेपासून खूप लांब. माझं मत स्पष्ट आहे: बाहेरून डेटा येतो त्या दारातच त्रुटी द्या. जुना डेटा वाचवायचाच असेल तर एफएफएफडी हे ‘इथे काहीतरी हरवलं’ सांगणारं चिन्ह घाला आणि त्याची नोंद ठेवा. शून्य क्रमांकाचंही असंच आहे. \यू०००० जेसनमध्ये वैध आहे, पण पोस्टग्रेस डेटाबेसचा जेसनबी प्रकार ते नाकारतो, कारण त्याच्या मजकुरात शून्य साठवताच येत नाही.

एवढं पार्सर बरोबर करत असला, तरी रोजच्या कामातला निम्मा त्रास पार्सरच्या बाहेरचा असतो: एकाच मजकुरावर बॅकस्लॅश समजणारे दोन जण बसलेले असतात. पायथनच्या कोडमध्ये अवतरणात जेसन लिहिलं आणि त्यात \एन टाकला, तर जेसनच्या पार्सरपर्यंत तो पोचतच नाही. पायथन स्वतः त्याची खरी नवी ओळ करून टाकतो, आणि पार्सर नियंत्रणचिन्हाची तक्रार करतो. तोच मजकूर फाइलमधून वाचला तर चालतो, म्हणून माणूस चक्रावतो. कोडमध्येच लिहायचं असेल तर रॉ स्ट्रिंग, म्हणजे बॅकस्लॅश न उलगडणारी स्ट्रिंग, वापरा. शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तर एको या मजकूर छापणाऱ्या एकाच आज्ञेचे दोन स्वभाव आहेत: उबुंटूवरचं साधं शेल, डॅश, एकोमध्ये आलेले बॅकस्लॅश उलगडतं, बॅश सहसा उलगडत नाही. प्रिंटफ आणि टक्का-एस वापरलं तर हा प्रश्न उरत नाही.

जेसनच्या स्ट्रिंगमध्ये आणखी एक जेसन कोंबलेलं असलं की बॅकस्लॅश भराभर वाढतात. एका कोटआधी पहिल्या थराला एक, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला सात, चौथ्याला पंधरा. लॉगमध्ये सात बॅकस्लॅश दिसले तर घाबरू नका, ते तुम्हाला थरांची संख्या सांगताहेत. थर मुद्दाम असतील तर जितके घातले तितके नेमके उलगडा. चुकून दोनदा एन्कोड झालं असेल, म्हणजे पार्स केल्यावर ऑब्जेक्टऐवजी महिरपी कंसाने सुरू होणारी स्ट्रिंगच हाती आली, तर दुरुस्ती पाठवणाऱ्याकडे करा. ‘स्ट्रिंग मिळत राहील तोवर पार्स करत राहा’ असा लूप लिहिण्याचा मोह होतो. त्या लूपमधून एक दिवस कुणाचातरी पिन कोड जातो, जो मुद्दाम स्ट्रिंग म्हणून ठेवलेला होता, आणि आकडा होऊन बाहेर पडतो.

तुलना करताना नेहमी उलगडलेला मजकूर घ्या. ए\\बी आणि ए\यू००५सीबी या दोन लिखाणांचा अर्थ एकच आहे. आरएफसीत हेच उदाहरण दिलेलं आहे. हे फक्त नीटनेटकेपणापुरतं नाही. एखादा सुरक्षा-फिल्टर कच्च्या बाइटांत ‘अॅडमिन’ शोधत असेल, आणि पाठवणाऱ्याने त्यातलं पहिलं अक्षर ए \यू००६१ असं लिहिलं, तर फिल्टरला काही दिसत नाही आणि मागच्या पार्सरला मात्र पूर्ण शब्द मिळतो.

कच्चे बाइट चाळून कोट आणि बॅकस्लॅश शोधणं यूटीएफ-८मध्ये सुरक्षित आहे, हे मात्र खरं. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी एकही बाइट त्या दोघांच्या किंमतीचा नसतो. जपानच्या शिफ्ट-जिस एन्कोडिंगमध्ये ही हमी नव्हती. तिथे काही कांजी अक्षरांचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशच्या किंमतीचा असतो, आणि तिथल्या प्रोग्रॅमरांनी त्यापायी बरंच सोसलं.

आता चाचण्या. तयार पार्सर वापरत असलात तरी आपल्या पूर्ण साखळीतून, म्हणजे फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत आणि परत, थोडेच पण निवडक मजकूर फिरवून पाहा: बॅकस्लॅशने संपणारा पत्ता, बॅकस्लॅशपुढे एन असलेला पत्ता, फक्त एक डबल कोट, रिकामी स्ट्रिंग, लाटेकमधलं थीटा असलेलं सूत्र, दोन्ही प्रकारे लिहिलेला ‘दुसऱ्या’, एक इमोजी. परत आलेला मजकूर गेलेल्याशी बाइट-बाइट जुळला पाहिजे. त्याबरोबर नाकारले जायलाच हवेत असे मजकूरही द्या: बॅकस्लॅश-एक्स, यूपुढे तीनच अंक, यूपुढे देवनागरी अंक, स्ट्रिंगमध्ये खरी नवी ओळ.

नेटवर्कवरून तुकड्यातुकड्याने वाचणारा पार्सर असेल तर अजून एक चाचणी लागते, आणि ती सहसा कुणी लिहीत नाही. तुकडा बॅकस्लॅश आणि एनच्या मधेच संपू शकतो, यूच्या दोन अंकांनंतर संपू शकतो, दोन सरोगेट अर्धुकांच्या मधे संपू शकतो, किंवा सरळ लिहिलेल्या ‘न’च्या तीन बाइटांपैकी एकावर संपू शकतो. पार्सरला ‘मी एस्केपच्या मधे आहे’ ही अवस्था पुढच्या तुकड्यापर्यंत लक्षात ठेवावी लागते. वरचेच मजकूर घ्या, प्रत्येक मजकूर प्रत्येक संभाव्य बाइटवर कापून दोन तुकड्यांत पार्सरला द्या, आणि न कापता दिल्यावर जे उत्तर येतं तेच प्रत्येक कापाला येतं का ते तपासा.